काजळीची आणि सूर्याची खूण : त्वचेच्या कर्करोगाचे कारण कसे वाचले गेले

१७७५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी आपल्या निरीक्षणांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. मोतीबिंदू, अंतर्गळ अशा विषयांच्या मध्ये अवघ्या काही पानांचे एक टिपण होते. धुराडी साफ करणाऱ्या माणसांच्या वृषणकोशावर एक चिवट, वेदनादायक व्रण उठतो, तो पसरत जातो आणि शेवटी जीव घेतो, असे त्यात म्हटले होते. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची पहिली स्पष्ट नोंद म्हणून या टिपणाकडे आज पाहिले जाते.

त्या काळी लंडनमधील घरोघरी कोळसा जळे. धुराडी अरुंद, काही तर जेमतेम नऊ इंच रुंदीची. त्यांत मोठा माणूस शिरणे शक्य नसल्याने पाच-सहा वर्षांची मुले आत सोडली जात. बहुधा गरिबाघरची किंवा अनाथालयातून 'शिकाऊ' म्हणून दिलेली. कपडे अडकू नयेत म्हणून पुष्कळदा ती उघडीच चढत. अंगावर काजळीचा थर बसे आणि आंघोळ क्वचितच घडे.

पॉट यांचे निदान दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. त्यांनी व्रणाचा संबंध त्वचेच्या सुरकुत्यांत साचून राहणाऱ्या काजळीशी जोडला, हे पहिले. दुसरे फारसे सांगितले जात नाही. हा रोग तरुण वयात दिसला की रुग्ण आणि वैद्य दोघेही त्याला गरमी समजत आणि पाऱ्याची औषधे सुरू करत, त्याने व्रण अधिकच चिघळे, हे पॉट यांनी नोंदवून ठेवले. पोटासाठी धुराड्यात चढलेल्या मुलावर चारित्र्याचा ठपका बसत होता आणि उपचार त्याला रोगाच्या तोंडी देत होता. म्हणजे या टिपणात चुकीच्या निदानाचाही इतिहास दडलेला आहे.

१७८८ साली ब्रिटिश संसदेने आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवू नये असा कायदा केला. तो अमलात आणणारी यंत्रणाच नव्हती. १८४० साली वयोमर्यादा २१ झाली, तरी मुले चढतच राहिली. फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळ फुलबर्न येथील रुग्णालयाचे धुराडे साफ करताना जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा आत अडकला आणि मरण पावला. त्यानंतर आलेल्या कायद्याने धंद्याला पोलीस परवाना सक्तीचा केला आणि प्रथा खऱ्या अर्थाने थांबली. पॉट यांच्या टिपणाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

इतका विलंब का, याचे एक उत्तर अर्थात समाजाच्या निर्ढावलेपणात आहे. दुसरे रोगाच्या स्वभावात आहे. काजळी बालपणी लागे, कर्करोग बहुधा वीस-तीस वर्षांनी उठे. तोवर तो मुलगा प्रौढ झालेला असे, कित्येकदा धंदाही सोडून गेलेला असे. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये अर्धे आयुष्य पडले की कारण नाकारणे सोपे जाते.

१८९२ साली हेन्री बटलिन यांनी एक मार्मिक प्रश्न विचारला : युरोप खंडात इतरत्रही धुराडी आहेत, काजळी आहे, मग तिथल्या सफाई कामगारांना हा रोग इतका कमी का? उत्तर साधे निघाले. तिकडचे कामगार अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालत आणि काम संपल्यावर स्वच्छ धूत. साबण, पाणी आणि कापड यांनी जे साधत होते, ते लंडनमध्ये शस्त्रानेही साधत नव्हते.

मात्र हे सगळे ज्ञान समूहाविषयीचे होते. 'या धंद्यातील माणसांना हा रोग अधिक होतो' एवढेच म्हणता येई. समोर बसलेल्या एका माणसाची गाठ काजळीमुळेच झाली की आणखी कशाने, हे सांगण्याचा मार्ग कोणाकडे नव्हता. पुढील दोन शतकांचे संशोधन मुख्यतः हा मार्ग शोधण्यात गेले.

आधी रोगांना वेगवेगळी ओळख मिळावी लागली. स्टेथोस्कोपमुळे परिचित असलेले रने लॅनेक यांनी १८०४ साली पॅरिसमध्ये काळ्या रंगाच्या अर्बुदांवर व्याख्यान दिले, तेव्हा आज ज्याला मेलानोमा म्हणतात त्याला स्वतंत्र रोगाचा दर्जा मिळू लागला. १८२७ साली डब्लिनचे आर्थर जेकब यांनी पापण्या आणि चेहरा हळूहळू कुरतडत जाणाऱ्या, पण शरीरात दूरवर सहसा न पसरणाऱ्या व्रणाचे वर्णन केले. पुढे १९०३ साली क्रोम्पेखर यांनी तो त्वचेच्या तळथरातील पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा कर्करोग असल्याचे सूक्ष्मदर्शकाच्या आधारे मांडले. धुराडे-कामगारांचा रोग मात्र वरच्या थरातील चपट्या पेशींचा. तीन रोग, तीन स्वभाव. उघड्या डोळ्यांना तिन्ही 'न भरणारी जखम' किंवा 'वाढता डाग' एवढेच दिसू शकतात.

लंडनमधील हंटेरियन संग्रहालयात एका बरणीत एक गाठ जपलेली आहे. जॉन हंटर यांनी ती १७८७ साली एका रुग्णाच्या जबड्याजवळून काढली होती. ती नेमकी कशाची, हे हंटर यांना ठरवता आले नाही. १९६८ साली तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला, तेव्हा ती मेलानोमा असल्याचे कळले. निदानाला १८१ वर्षे लागली!

रुग्ण जिवंत असताना त्याच्या त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासण्याच्या पद्धतीला 'बायोप्सी' हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्ट बेनिए यांनी १८७९ साली दिले. आज हा शब्द ऐकताच घराघरांत काळजाचा ठोका चुकतो. तो त्वचारोगाच्या दालनातून आला आहे हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्वचा समोर असते, हाताला लागते, तिचा तुकडा काढणे तुलनेने सोपे असते. कर्करोगाविषयीचे कितीतरी ज्ञान आधी त्वचेवर का सिद्ध झाले, याचे कारण यातच आहे.

काजळीचा पुरावा प्रयोगशाळेत आला तो टोकियोमध्ये. कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइचि इचिकावा यांनी सशांच्या कानांना दर दोन-तीन दिवसांनी कोळशाचे डांबर चोळण्यास आरंभ केला. असे प्रयोग इतरांनीही करून पाहिले होते आणि काही घडत नाही म्हणून सोडून दिले होते. या दोघांनी सोडले नाही. महिन्यांमागून महिने गेले आणि सशांच्या कानांवर खरा कर्करोग उठला. १९१५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. इतरांना जे साधले नाही ते केवळ चिकाटीने साधले, कारण रोगाला लागणारा वेळ देण्याची त्यांची तयारी होती.

१९२६ सालचे वैद्यकाचे नोबेल मात्र डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना गेले. उंदरांच्या जठरातील कृमींमुळे कर्करोग होतो, हा त्यांचा दावा पुढे टिकला नाही. यामागिवा यांचे नाव समितीसमोर आलेले असूनही ते मागे राहिले.

डांबर हे शेकडो द्रव्यांचे मिश्रण. त्यातले दोषी कोणते? लंडनमध्ये अर्नेस्ट केनावे यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबरी अवशेषापासून सुरुवात करून, तो पुनःपुन्हा गाळत आणि शुद्ध करत, १९३३ साली बेन्झोपायरीन हे संयुग वेगळे करून दाखवले. पॉट यांच्या 'काजळी'ला दीडशेहून अधिक वर्षांनी रासायनिक नाव मिळाले.

याच काळात दुसऱ्या आरोपीभोवतीही पुरावा गोळा होत होता. १८९४ साली हॅम्बुर्गचे पाउल गेर्सन उना यांनी खलाशांच्या उन्हा-वाऱ्याने रापलेल्या त्वचेचे आणि तिच्यावर उठणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. बोर्दो परिसरातील द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ द्युब्रय यांना तेच दिसले. १९२८ साली जॉर्ज फिंडले यांनी उंदरांवर अतिनील किरण सोडून त्वचेची अर्बुदे निर्माण केली. सूर्य हा संशयित ठरला. पण त्याने पेशीच्या आत नेमके काय केले, हे कोणी पाहिले नव्हते.

याचा धागा एका दुर्मीळ आजारात सापडला. व्हिएन्नाचे मोरित्झ कापोझी यांनी १८७० च्या दशकात काही रुग्णांचे वर्णन केले होते. त्यांची त्वचा चर्मपत्रासारखी कोरडी, ठिपक्याठिपक्यांची होई आणि कोवळ्या वयातच तिच्यावर कर्करोग उठत. या आजाराला 'झेरोडर्मा पिग्मेंटोसम' म्हणतात. या मुलांना थोडेसे ऊनही सोसत नाही. शंभर वर्षे तो केवळ एक करुण अपवाद म्हणून ग्रंथांत राहिला.

दरम्यान १९६० साली नेदरलँड्समधील ब्यूकर्स आणि बेरेंड्स यांनी दाखवले की, अतिनील किरण पडले की डीएनएमधील थायमिन हे घटक एकमेकांना चिकटतात. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक संहिता मानली, तर शेजारची दोन अक्षरे एकमेकांत गुंतून वाचता न येण्यासारखी होतात असे म्हणता येईल. निरोगी पेशी असा खराब तुकडा कापून टाकते आणि समोरच्या धाग्यावरून नक्कल करून ती जागा भरते. आपल्या त्वचेत हे काम रोज, उन्हात पाऊल टाकताच चालू होते.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेम्स क्लीव्हर हे याच दुरुस्तीचा अभ्यास करत होते. एका वृत्तपत्रातील लेखात त्यांनी झेरोडर्माविषयी वाचले आणि त्यांच्या मनात शंका आली : या रुग्णांत दुरुस्तीच बंद पडली असेल तर? त्यांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी मिळवून तपासल्या. १९६८ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला. त्या पेशींत दुरुस्ती जवळजवळ होतच नव्हती. ऊन, डीएनएची इजा आणि कर्करोग ही साखळी माणसाच्या शरीरात प्रथमच इतकी स्पष्ट जुळली.

आता उरला तो जुना प्रश्न : एका ठरावीक रुग्णाच्या ठरावीक गाठीचे कारण.

१९९१ साली येल विद्यापीठातील डग्लस ब्रॅश आणि सहकाऱ्यांनी चपट्या पेशींच्या त्वचा-कर्करोगाच्या २४ गाठी घेतल्या आणि त्यांतील पी५३ हे जनुक अक्षर-अक्षर वाचले. पेशीला फार इजा झाली असेल तर तिला थांबवणारे किंवा मरायला लावणारे हे जनुक. २४ पैकी १४ गाठींत ते बिघडलेले निघाले. त्याहून महत्त्वाचा होता बिघाडाचा प्रकार. तीन गाठींत 'सी-सी' या जोडाक्षराच्या जागी 'टी-टी' आले होते. शेजारच्या दोन अक्षरांत असा जोडीचा बदल फक्त अतिनील किरण घडवतात हे आधीच ठाऊक होते. म्हणजे गाठीच्या आत सूर्याची सही होती.

इतिहासाच्या अभ्यासकाला या शोधाचे मोल चटकन कळावे. तोवरचा सगळा पुरावा परिस्थितिजन्य होता. धंदा, सवय, प्रदेश यांवरून काढलेले ते अनुमान होते. आता प्रत्यक्ष समकालीन लेख हाती लागला, तोही रुग्णाच्या नकळत, बहुधा कित्येक वर्षांपूर्वी लिहिला गेलेला. कारण आणि परिणाम यांच्यामधले ते अर्धे आयुष्य, ज्याच्या आड लंडनच्या मुलांचा प्रश्न शंभर वर्षे लपला, ते यामुळे ओलांडता आले.

काजळीचीही सही पुढे सापडली, मात्र ती फुप्फुसात. १९९६ साली असे दिसले की, केनावे यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे केलेले तेच बेन्झोपायरीन, जे तंबाखूच्या धुरातही असते, पी५३ जनुकात नेमके त्याच ठिकाणी जाऊन चिकटते, जिथे फुप्फुसाच्या कर्करोगात वारंवार बिघाड आढळतात. धुराड्यातून निघालेली वाट सिगारेटपर्यंत पोहोचली.

२००९ च्या अखेरीस एका मेलानोमाची जवळजवळ संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध झाली. तीत एका अक्षराचे ३३,३४५ बदल मोजले गेले आणि त्यांतील बहुसंख्य सूर्याच्या हस्ताक्षरातले होते.

तरीही एक कोडे राहिले. २००२ साली ब्रिटनमधील संशोधकांना मेलानोमाच्या सुमारे दोन-तृतीयांश नमुन्यांत बीआरएएफ हे जनुक बिघडलेले आढळले. बहुतेकांत बिघाड एकाच जागचा. या शोधावर आधारलेल्या व्हेम्युराफेनिब या औषधाला २०११ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पसरलेली अर्बुदे त्याने काही आठवड्यांत आकसत, आणि पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांनी पुन्हा वाढत. पण बीआरएएफमधील तो नेहमीचा बदल सूर्याच्या ओळखीच्या सहीत बसत नाही. सूर्य दोषी खरा, पण प्रत्येक गुन्ह्यात एकटा नाही.

इथेच हा इतिहास भारताकडे वळतो. वरील कथेतील बहुतेक रुग्ण गोऱ्या त्वचेचे होते. गडद त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य मुबलक असते आणि ते अतिनील किरणांना पुष्कळसे अडवते. त्यामुळे उन्हाचा कर्करोग इथे तुलनेने कमी. पण त्वचेचा कर्करोग इथे नव्हता असे नाही. तो वेगळ्या जागी होता, आणि पाश्चात्त्य ग्रंथ वाचून शिकलेल्या डोळ्यांना तिथे तो अपेक्षित नव्हता.

१८६६ साली श्रीनगरमधील वैद्यकीय मिशनरी विल्यम एल्म्स्ली यांनी काश्मिरी लोकांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाविषयी लिहिले. थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याची तिथली रीत आहे. वर्षानुवर्षे तिचा चटका एकाच जागी बसे आणि अखेर तिथेच व्रण उठे. भाजल्याच्या जुन्या जखमांतून निघणारे व्रण फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलँ यांनी १८२८ साली वर्णिले होते. हे त्यांचेच भावंड.

मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई यांनी रीतिरिवाजांशी निगडित कर्करोगांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यात 'धोतर कर्करोग' आहे. कंबरेला रोज एकाच रेषेवर घट्ट कसलेले धोतर, उष्ण-दमट हवा, घाम आणि घर्षण. आधी त्या पट्ट्यातील त्वचेचा रंग जातो, ती जाड व खरखरीत होते, मग जखम होते आणि ती भरत नाही. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही अशाच नोंदी झाल्या.

या निबंधाचे महत्त्व पॉट यांच्या टिपणाहून कमी मानण्याचे कारण नाही. दोघांनीही रोगाकडे पाहताना माणूस काय करतो, काय नेसतो, कसा राबतो हे पाहिले. खानोलकर यांनी तर जो पोशाख त्यांच्या अवतीभवती लाखो लोक नेसत होते, जो डोळ्यांना दिसेनासाच होतो, त्यात कारण ओळखले.

जागेचा हा प्रश्न केवळ जुन्या निबंधांपुरता नाही. १९७७ साली जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा निघाला. ती फुटबॉल खेळताना झालेली इजा आहे असा समज होता. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले. तळहात, तळपाय आणि नखांखाली उठणारा हा प्रकार सर्व वर्णांच्या लोकांत आढळतो. पण गडद त्वचेच्या लोकांत उन्हाचा मेलानोमा दुर्मीळ असल्याने त्यांच्यातील मेलानोमात याचाच वाटा मोठा असतो. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील १८३ मेलानोमांच्या संपूर्ण संहिता वाचल्या गेल्या, तेव्हा तळहात-तळपायांच्या बहुतेक गाठींत सूर्याची सही प्रमुख नव्हती. गुणसूत्रांचे मोठे तुकडे तुटून-जुळून झालेली उलथापालथ होती. तिचे कारण अजून हाती आलेले नाही. बीआरएएफचा बिघाडही या प्रकारात कमी आढळतो, म्हणजे त्यावरचे औषधही कमी जणांच्या उपयोगाचे.

निदानाच्या शिकवणीतही हीच फट आहे. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये तयार झालेला प्रसिद्ध नियम सांगतो : डागाचे दोन भाग असमान आहेत का, कडा वेडीवाकडी आहे का, रंग अनेक आहेत का, व्यास सहा मिलिमीटरहून मोठा आहे का. गोऱ्या पाठीवरील तिळासाठी तो उत्तम. टाचेवरील काळसर डागाला किंवा नखातील उभ्या रेघेला तो जेमतेम लागू पडतो, आणि तिथे 'ठेच लागली असेल' हे उत्तर सर्वांच्या तोंडी तयार असते. धुराड्यातल्या मुलाला गरमीचा रोगी ठरवणारे वैद्य यापेक्षा फार वेगळी चूक करत नव्हते. परिचित उत्तर त्यांनाही आधी सुचले.

२०२४ साली वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांच्या कंबरेवरील चपट्या पेशींच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. पहिलीची जखम दीड वर्ष भरली नव्हती. साडी जागेवर राहावी म्हणून ती परकराची नाडी घट्ट बांधत असे. दुसरी परकराशिवाय थेट कंबरेला लुगडे कसत असे, आणि तिचा रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता. साडीपेक्षा घट्ट बांधलेल्या परकराकडे लक्ष वेधावे म्हणून डॉक्टरांनी या रोगाला 'परकर कर्करोग' हे नाव सुचवले. दोघींचेही निदान झाले ते १८७९ साली नाव मिळालेल्या जुन्याच रीतीने : जखमेतून घेतलेला एक लहान तुकडा आणि सूक्ष्मदर्शक.